गाठ निघाली, पुढे काय? आतड्याच्या कॅन्सरनंतरचं रोजचं जगणं

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, ‘गाठ पूर्ण निघाली ना?’ निघाली म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं, देवापुढे नारळ फुटतो आणि विषय संपतो. पेशंटचा विषय मात्र तिथून सुरू होतो. घरातून निघण्याआधी किती वेळा संडासला जावं लागणार, एस.टी.त दोन तास बसता येईल का, लग्नात पंगतीत कळ आली तर काय करायचं, बोटांचा बधिरपणा जाणार की कायमचा राहणार, नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळ पूर्वीसारखं झोपता येईल का. हे प्रश्न कोणी विचारत नाही. चारचौघांत असलं काही बोलायचं नसतं, असं आपल्याकडे ठरून गेलं आहे, आणि दुर्दैवाने डॉक्टरची ओपीडीही चारचौघांतच धरली जाते.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे. जगभरात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा, म्हणजे त्याच आतड्याच्या गुदद्वाराजवळच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर होतो. नव्या रुग्णांच्या संख्येत फुप्फुस आणि स्तन यांच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो. भारतात प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे, पण आपल्याकडच्या पेशंटमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचा वाटा मोठा आहे आणि पेशंट तुलनेने तरुण असतात. म्हणजे ज्या जागेच्या ऑपरेशनने रोजचं जगणं सगळ्यात जास्त बदलतं, तीच जागा आपल्याकडे जास्त सापडते. आणि ज्यांच्यापुढे नोकरी, संसार, लहान मुलं आहेत त्यांना सापडते. आजार आतड्यापुरताच असताना पकडला गेला, तर अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. एवढी वर्षं जगायचं असेल तर ती कशी जगायची, हा प्रश्न फुरसतीचा राहत नाही.

जगण्याचा दर्जा मोजतात तरी कसा?

रक्तातली साखर मोजता येते, सुख कसं मोजणार, असं वाटणं साहजिक आहे. पण गेली तीसेक वर्षं हे मोजमाप होतं आहे आणि त्याची पद्धत अगदी साधी आहे: पेशंटलाच विचारायचं. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९३ साली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, क्यूएलक्यू-सी३०. आज ती मराठीसह जगातल्या अनेक भाषांत वापरली जाते. प्रश्न घरगुती आहेत. जड पिशवी उचलताना त्रास होतो का, दिवसा आडवं व्हावंसं वाटतं का, झोप लागते का, वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागतं का, चिडचिड होते का, आजारामुळे घरातल्या वातावरणावर परिणाम झाला का, पैशांची ओढाताण झाली का. बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचे असतात आणि ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची. शेवटचे दोन प्रश्न वेगळे: एकंदर तब्येत आणि एकंदर जगणं यांना एक ते सातमध्ये किती गुण द्याल?

या उत्तरांचे शून्य ते शंभर असे गुण काढतात. चालणं-फिरणं, कामधंदा, मन, एकाग्रता आणि लोकांतलं वावरणं यांचे वेगवेगळे, तसेच थकवा, वेदना, मळमळ वगैरेंचे वेगळे. दोन तपासण्यांमध्ये दहा गुणांचा फरक पडला तर तो पेशंटला स्वतःला जाणवण्याइतका मोठा असतो, असा साधारण अंदाज धरतात. आतड्याच्या कॅन्सरसाठी सीआर२९ नावाची एकोणतीस प्रश्नांची पुरवणी आहे. तिच्यात अवघड जागेचे प्रश्न येतात: रात्री किती वेळा उठावं लागतं, नकळत वायू सरतो का, मळ गोळा करायला पोटावर लावलेली पिशवी गळते का, लाज वाटते का, स्वतःचं शरीर बघवत नाही असं होतं का, शरीरसंबंधात रस उरला आहे का.

कागद चांगला आहे, पण तो युरोपात तयार झाला आहे हे विसरू नये. जमिनीवर मांडी घालून जेवता येतं का, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसवतं का, देवघरात जायला घरातले अडवतात का, हे त्यात कोणी विचारत नाही. आणि पैशांच्या चणचणीला तीसपैकी एकच प्रश्न! आपल्याकडे कितीतरी घरांत तो पहिला प्रश्न असतो.

आणखी एक गंमत आहे. वर्षभराने अनेक पेशंट असे गुण देतात की नातेवाईक चक्रावतात. पोटावर पिशवी आहे, पायांना मुंग्या आहेत आणि माणूस म्हणतो, सातपैकी सहा. तो खोटं बोलत नसतो. मोठ्या आजारातून गेल्यावर माणसाचा ‘बरं’ म्हणण्याचा मापदंडच सरकतो. पूर्वी बढती महत्त्वाची होती, आता संध्याकाळी नातवाला बागेत नेता आलं तरी दिवस चांगला जातो. संशोधकांना याचा हिशेब करताना डोकेदुखी होते, पण निर्णय घेणाऱ्या कुटुंबासाठी यात उपयोगाची गोष्ट आहे: ‘असं आयुष्य काय कामाचं’ हे निरोगी माणसाने बाहेरून ठरवणं बहुतेक वेळा चुकतं.

गुदाशय गेला की नेमकं काय जातं

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याचा उजवा किंवा डावा तुकडा काढून टोकं जोडली, तर बहुतेकांचं पोट काही महिन्यांत रुळावर येतं. खरा फरक पडतो शेवटच्या बारा ते पंधरा सेंटिमीटरमध्ये. वीतभरही नसलेला हा गुदाशय मळ साठवतो, तो ताणला जातो, आणि आत आहे तो वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे तिथल्या नसा ओळखतात. आपण मीटिंगमध्ये बसून ‘थोड्या वेळाने जाऊ’ म्हणू शकतो ते या भागाच्या जिवावर. तो काढून वरचं आतडं थेट गुदद्वाराला जोडणं म्हणजे गच्चीवरची टाकी काढून पंपाचा पाइप सरळ नळाला लावण्यासारखं आहे. पाणी येतं, पण केव्हा आणि किती जोराने, यावर आपला ताबा राहत नाही.

याचा रोजच्या सकाळीवर काय परिणाम होतो ते बघा. सहाला उठल्यावर एकदा जाऊन येतो. चहा घेतला की परत. आंघोळ करून कपडे घातले की परत, आणि दर वेळी थोडंसंच होतं, पूर्ण झाल्याचं समाधान नाही. बूट घालून दारात उभं राहावं तर पुन्हा कळ, आणि ती अशी की दोन मिनिटं थांबवत नाही. कधी वायू समजून सोडावा तर कपडे खराब. हळूहळू माणूस नऊऐवजी अकराची गाडी पकडतो, मग बाहेरगावी जाणं टाळतो, प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून जेवत नाही. घरच्यांना वाटतं, भूक मेली.

या तक्रारींच्या गठ्ठ्याला डॉक्टर ‘लार्स’ म्हणतात. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ साली त्यासाठी पाच प्रश्नांची छोटी चाचणी केली: वायूवर ताबा राहतो का, पातळ शौच गळतं का, दिवसातून किती वेळा जावं लागतं, तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि पळत जावं लागतं का. उत्तरांचे एकूण बेचाळीस गुण असतात. वीसपर्यंत काळजी नाही, तीस किंवा त्याहून जास्त तर त्रास मोठा. गुदद्वार वाचवून गुदाशय काढलेल्यांपैकी साधारण दहापैकी चार जणांना असा मोठा त्रास राहतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. जोड जितका खाली तितका त्रास जास्त, आणि रेडिएशन झालं असेल तर आणखी. पहिल्या वर्षभरात बरीच सुधारणा होते. दीड-दोन वर्षांनी जे उरतं ते बहुतेक राहतं.

यावर उपाय आहेत, आणि हेच सांगायचं राहून जातं. इसबगोलाने मळ घट्ट बांधला जातो. लोपेरामाइडची गोळी लग्नाच्या किंवा प्रवासाच्या दिवशी जेवणाआधी घेता येते. डोस डॉक्टरनेच ठरवायचा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. त्रास फारच असेल तर सकाळी ठरल्या वेळी खालून कोमट पाणी सोडून आतडं धुऊन घेण्याची पद्धत आहे. त्याने पुढचे कितीतरी तास निर्धास्त जातात. इतकं करून भागलं नाही तर काही पेशंट स्वतःहून पोटावरची पिशवी मागून घेतात. हे ऐकून धक्का बसतो, कारण ऑपरेशनच्या आधी प्रत्येक जण डॉक्टरचे पाय धरून एकच विनवतो: काहीही करा, पिशवी नको.

पिशवी टळली म्हणजे जगणं सावरलं, हा समज घट्ट आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने तितकासा नाही. कायमची पिशवी असलेले आणि गुदद्वार वाचलेले अशा दोन्ही गटांची तुलना करणारे पस्तीस अभ्यास कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी तपासले. पिशवी नसलेल्यांचं आयुष्य खात्रीने अधिक चांगलं असतं, असं त्यांना म्हणता आलं नाही. माझ्या मते ऑपरेशनआधीच्या बोलण्यात याला जागा मिळाली पाहिजे. ऐंशीच्या आसपासच्या, आधीच गुदद्वाराचे स्नायू सैल झालेल्या आजोबांना ‘तुमची पिशवी टाळली’ म्हणणं कधीकधी त्यांना उरलेली वर्षं संडासाच्या दाराशी बसवणं ठरतं.

पिशवी: भीती आणि वस्तुस्थिती

आतड्याचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढून शिवतात, त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर बहुतेक वेळा पोटाच्या डावीकडे, लहान आतड्याचा असेल तर उजवीकडे. दिसायला लालबुंद आणि ओला. हात लावला तर दुखत नाही, कारण वेदनेच्या नसा तिथे नसतात. पुसताना एखादा थेंब रक्त येतं, त्याने घाबरू नये. स्टोमा काळा-निळा पडला तर मात्र थांबू नये.

आज दिसणारी चिकटणारी पिशवी फार जुनी नाही. १९५४ साली एलिझ सोरेन्सेन या डॅनिश नर्सने ती सुचवली. तिच्या बहिणीचं असं ऑपरेशन झालं होतं आणि वास येईल, गळेल या धास्तीने ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. पुढे १९६१ साली अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये स्टोमाची निगा शिकवणारी पहिली शाळा निघाली. ती उभी करण्यात डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्याबरोबर नॉर्मा गिल होत्या, ज्यांना स्वतःला स्टोमा होता. या क्षेत्रात हे पुन्हा पुन्हा दिसतं: सगळ्यात कामाचं ज्ञान पेशंटकडून आणि त्याच्या घरच्यांकडून आलेलं असतं. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिथे पिशवीसोबत वर्षानुवर्षं जगणारी माणसं नव्या पेशंटशी बोलतात. दहा पत्रकं वाचून जे होत नाही ते स्टोमा असलेल्या माणसाला शर्ट खोचून समोर उभं पाहिल्यावर होतं.

जगण्याच्या दर्जाचा निम्मा फैसला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पेनाच्या एका खुणेने होतो. स्टोमा नर्स पेशंटला आडवं, बसवून, उभं करून, वाकवून पोट बघते. बसल्यावर वळी कुठे पडते, जुन्या ऑपरेशनचा व्रण कुठे आहे, पेशंटला स्वतःची खूण दिसते का. आपल्याकडे याहून पुढे जावं लागतं. परकराची नाडी नेमकी कुठे बांधता, साडीचा केळ कुठे खोचता, धोतर की पँट, पट्टा लावता का, जमिनीवर मांडी घालता का? मांडी घातली की पोटाच्या वळ्या बदलतात. खूण वळीत आली तर पिशवीची चकती उठणार, गळणार, कातडी सोलवटणार, आणि मग बाई चार दिवस माहेरच्या लग्नाला जाणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. घाईच्या ऑपरेशनमध्ये ते राहून जातं, आणि जिथे स्टोमा नर्सच नाही तिथे होतच नाही. ठरलेलं ऑपरेशन असेल तर नातेवाइकांनी ‘जागेची खूण कोण करणार?’ एवढं विचारावंच.

बाकीच्या गोष्टी सरावाच्या आहेत. चकतीला भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त कापलं की उघडी कातडी भाजल्यासारखी होते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, तुडुंब होण्याची वाट पाहायची नाही. आंघोळ पिशवीसकट चालते. डाव्या बाजूचा कायमचा स्टोमा असेल तर नर्सकडून शिकून रोज किंवा दिवसाआड कोमट पाण्याने आतडं धुता येतं. मग दिवसभर नुसती छोटी टोपी लावून भागतं आणि पिशव्यांचा खर्चही वाचतो. ज्या घरात महिन्याला किती पिशव्या लागतील याचा हिशेब किराण्याच्या यादीत करावा लागतो, तिथे ही मोठी गोष्ट आहे.

लहान आतड्याच्या स्टोमाची गोष्ट वेगळी. तिथून पाण्यासारखं बाहेर पडतं आणि त्यासोबत मीठही जातं. उन्हाळ्यात पेशंट गळून जातो, पायात गोळे येतात, लघवी कमी होते, कधी किडनीवर ताण येऊन ऍडमिट करावं लागतं. घरचे प्रेमाने तांब्यावर तांबे साधं पाणी आणि सरबतं पाजतात, त्याने उलट जास्त वाहून जातं. त्याऐवजी ओआरएस, मीठ घातलेली तांदळाची पेज, खारं ताक चांगलं. ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मक्याचे दाणे, शेंगदाणे हे पहिले काही आठवडे बंद आणि नंतर बारीक चावून, कारण ते अडकून बसतात. कोकणातल्या माणसाला खोबरं सोडायला सांगणं जिवावर येतं. वाटून आमटीत घातलेलं सहसा त्रास देत नाही.

आणि सोवळं-ओवळं. पिशवी लावलेल्या सासूबाईंनी देवाला फूल वाहायचं नाही, असं कोणी वैद्यकशास्त्रात सांगितलेलं नाही. प्रत्येकाच्या पोटात तेच असतं, फक्त कातडीच्या आत. पण या एका गोष्टीने बायका किती खचतात हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

हातापायांच्या मुंग्या

ऑपरेशननंतर अनेकांना केमो लागते. तिच्यात ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर पहिला अनुभव विचित्र असतो: फ्रिजचं दार उघडून बाटली धरली की बोटांत सुया टोचतात, थंड पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा होतो. हे काही दिवसांत ओसरतं. पण डोस वाढत गेले की बोटं आणि तळपाय बधिर होऊ लागतात, आणि ते महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं राहतं. शर्टाचं बटण लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. शिलाईकाम करणाऱ्या बाईसाठी किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलासाठी हा ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणजे रोजगार जाणं असतं.

इथे एक चांगली बातमी आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला सहा महिन्यांऐवजी तीन महिने केमो दिली तर चालेल का, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून तपासलं गेलं. २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार कमी जोखमीच्या पेशंटना, विशेषतः कॅपेसिटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही जोडी घेणाऱ्यांना, तीन महिने जवळपास तितकेच पुरतात आणि नसांचा लक्षणीय त्रास साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणून ‘मला तीन महिने चालतील का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. उत्तर ‘नाही’ असू शकतं, पण त्याचं कारण कळेल. आणि मुंग्या दोन केमोंच्या मधल्या दिवसांतही जात नसतील तर पुढच्या सलाइनआधी सांगायचं. औषध बंद होईल या भीतीने पेशंट लपवतात, तिथे नुकसान होतं.

झोपायच्या खोलीतलं

गुदाशयाला खेटूनच लघवीच्या आणि लैंगिक संवेदनेच्या नसा जातात. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली गुदाशय त्याच्या भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड, नसांचं भान ठेवून सोडवून काढण्याची पद्धत मांडली. त्याने कॅन्सर त्याच जागी परत येणं घटलं आणि नसा वाचण्याचं प्रमाणही सुधारलं. तरीही पुरुषांना ताठरता कमी होणं, वीर्य बाहेर न येणं, बायकांना कोरडेपणा आणि वेदना हे त्रास बऱ्याच जणांना होतात. रेडिएशनने ते वाढतात. औषधं, वंगण, वेळेवर सुरू केलेले उपाय यांचा उपयोग होतो, पण विचारलं तर.

तरुण पेशंटच्या बाबतीत उशीर परवडत नाही. ओटीपोटावरच्या रेडिएशनने अंडाशयं निकामी होऊन पाळी कायमची जाऊ शकते. मूल हवं असेल तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याचं बोलणं उपचार सुरू होण्याआधी व्हायला हवं. तिशीतल्या मुलीच्या वडिलांसमोर हा विषय काढायला डॉक्टर संकोचतात, मुलगीही गप्प बसते, आणि नंतर काही करता येत नाही.

काही पेशंटचं ऑपरेशनच टळू शकतं. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली दाखवून दिलं की रेडिएशन आणि केमोनंतर गुदाशयातली गाठ तपासणीत पूर्ण नाहीशी झाली असेल, तर निवडक पेशंटना लगेच न कापता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येतं. काहींची गाठ परत येते आणि तेव्हा ऑपरेशन करावं लागतं. त्यामुळे ठरल्या तारखांना एंडोस्कोपी आणि एमआरआयला येणं ज्यांना जमेल त्यांच्यासाठीच हे आहे. गडचिरोलीतून मुंबईला दर तीन महिन्यांनी येणाऱ्याला तिकिटाचा हिशेबही त्यात धरावा लागतो.

थकवा, धास्ती, पैसा

कॅन्सरचा थकवा झोप काढून जात नाही. घरचे म्हणतात पडून राहा, आणि पडून राहिल्याने तो वाढतो. व्यायामाबद्दल आता पक्का पुरावा आहे. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात केमो संपलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. २०२५ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी आजार न उलटलेले व्यायामाच्या गटात ८० टक्के, दुसऱ्या गटात ७४. शारीरिक क्षमताही सुधारली. आपल्याकडे प्रशिक्षक कुठून आणणार हे खरं, पण रोज पाऊण तास झपझप चालायला देऊळ किंवा शाळेचं मैदान पुरतं. स्टोमा असेल तर जड वजन उचलणं टाळावं, हर्नियाची भीती असते.

धास्ती तपासणीच्या आठवड्यात चढते. पहिली दोन-तीन वर्षं आजार परत येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी आणि अधूनमधून स्कॅन असतो. रिपोर्ट येईपर्यंत घर श्वास रोखून असतं. यात भर पडते लपवाछपवीची. ‘बाबांना सांगू नका’ असं मुलं डॉक्टरांना बजावतात. बाबांना सगळं कळलेलं असतं, फक्त बोलायला कोणी उरत नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा मोठा भार उचलला जातो. पण प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी यांचं बिल कुठेच लागत नाही. टाटा हॉस्पिटलच्या पेशंटना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार असतो, तरी परळच्या फुटपाथवर झोपलेली कुटुंबं दिसतातच. हायवेवर स्वच्छ संडास नसणं ही इतरांची गैरसोय असेल, पण गुदाशय काढलेल्या बाईसाठी ती घरात कोंडून घेण्याची शिक्षा आहे.

आजार यकृतात, फुप्फुसात पसरला असेल तरी हे सगळे प्रश्न लागू राहतात, किंबहुना जास्तच. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवायची नसते. ती केमोबरोबरच सुरू करता येते. केमोला काही आठवडे विश्रांती देता येईल का, हेही विचारता येतं. मुलीचं लग्न किंवा गावची जत्रा हे त्याचं पुरेसं कारण आहे.

ओपीडीत पेशंटच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि ती रिपोर्ट बघण्यात जातात. अमेरिकेत डॉ. ईथन बाश यांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर एक प्रयोग केला. त्यात आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट नव्हते, पण कल्पना कोणालाही लागू पडावी अशी आहे. काही पेशंट आपली लक्षणं नियमितपणे कॉम्प्युटरवर नोंदवत आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जाई. नेहमीच्या पद्धतीने तपासल्या गेलेल्यांपेक्षा ते सरासरी पाच महिने जास्त जगले. आपल्याकडे त्यासाठी वहीचं एक पान पुरेल. पुढच्या तारखेच्या आधीचा आठवडाभर लिहून ठेवायचं: दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, पॅड लागला का, पिशवी कितीदा गळली, लघवी किती झाली, कुठली गोष्ट करायची टाळली. ‘खूप त्रास होतो हो’ म्हटलं की डॉक्टर मान हलवून पुढचा रिपोर्ट उघडतात. ‘रात्री चार वेळा उठतो आणि गेले दोन महिने कामावर गेलो नाही’ म्हटलं की ते पेन उघडतात आणि गोळीचा डोस बदलतात.